अंगठ्याचा सांधा जोडून घेतल्यावर

पायाचा अंगठा हळूहळू करंगळीकडे झुकत जातो, त्याच्या बुडाशी आतल्या बाजूला हाड पुढे येते, त्यावर चप्पल घासून तो भाग लाल होतो आणि सुजतो, हे बहुतेक घरांत कोणा ना कोणाच्या पायाला पाहिलेले असते. माझ्या दोन्ही पायांना हा त्रास आहे. मात्र उजव्या पायाचे दुखणे केवळ आकाराचे राहिले नव्हते. अंगठ्याच्या बुडाचा सांधा आतून झिजून गेला होता. हाड वाकडे असणे आणि सांधा झिजलेला असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि दोन्ही एकाच पायात आल्या की शस्त्रक्रियेचा सगळा विचारच बदलतो. गेल्या दिवाळीनंतर मी त्या सांध्याची हाडे एकमेकांना कायमची जोडून घेण्याची शस्त्रक्रिया पुण्यात करून घेतली. ‘सांधा कायमचा जाम करणार’ हे ऐकून घरातील सगळ्यांच्या पोटात गोळा आला होता, माझ्याही. तो निर्णय कसा झाला आणि त्यानंतर काय काय घडले, हे याच विवंचनेत असलेल्यांच्या उपयोगी पडावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

मी शाळेत गणित शिकवत असे, त्यामुळे नोकरीची सगळी वर्षे फळ्यासमोर उभे राहण्यात गेली. पण उभे राहिल्यामुळेच हे झाले असे मी म्हणणार नाही. माझ्या आईचे आणि मावशीचे अंगठे असेच होते, आणि आईने तर उंच टाचेची किंवा निमुळती चप्पल आयुष्यात कधी घातली नव्हती. पायाची ठेवण पुष्कळदा घराण्यातूनच येते. अरुंद पादत्राणे आणि उंच टाचा त्या ठेवणीवर ताण टाकून त्रास वाढवतात. आणखी एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. बुडाशी जे हाड दिसते ते बहुतांशी नव्याने वाढलेले नसते. अंगठ्याच्या मागे, पावलाच्या मध्यभागापासून पुढे येणारे जे लांब हाड असते, त्याचे पुढचे टोक दुसऱ्या पायाच्या दिशेला सरकते आणि अंगठा मात्र उलट दिशेला, करंगळीकडे, वळतो. या दोन हाडांमध्ये जो कोन तयार होतो त्याचे टोक म्हणजे तो उंचवटा. म्हणून नुसता उंचवटा तासून टाकला तर मूळचा बिघाड तसाच राहतो. ‘हाड तासून घ्या, छोटेसे काम आहे’ असा सल्ला नात्यातल्या अनेकांनी मला आपुलकीने दिला होता, पण माझ्यासारख्या पायाला तो लागू नव्हता.

दुखण्याचे स्वरूप कसे बदलत गेले ते सांगणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण सांधा बिघडल्याची खूण त्यातच असते. सुरुवातीला दुखायचे ते उंचवट्यावर, बाहेरून. चप्पल काढली की बरे वाटायचे. पुढे घरात अनवाणी चालतानाही दुखू लागले, आणि ते दुखणे खोल होते. पाऊल टाकून टाच उचलली की शरीराचा भार अंगठ्याच्या बुडावर येतो. नेमक्या त्या क्षणी जात्यात खडा अडकावा तसे आत काहीतरी घासायचे आणि कळ निघायची. ती टाळण्यासाठी पायाच्या बाहेरच्या कडेवर भार घेऊन चालण्याची सवय आपोआप लागली. त्याची किंमत दुसऱ्या बोटाने मोजली. अंगठा आपला वाटा उचलेनासा झाला की भार शेजारच्या बोटाच्या बुडाशी जातो. तिथे चवड्याखाली जाड, दुखरा घट्टा पडला. दुसरे बोट मधल्या पेरात वाकून वर उचलले गेले आणि अंगठा त्याच्याखाली शिरला. त्या बोटातले जोडवे अंगठ्याच्या कडेत रुतायचे. रात्री पाय धुताना मी ते फिरवून पाहत असे. पूर्वी ते सहज फिरायचे, मग पेराशी अडू लागले, आणि शेवटी बोटाचा सांधाच इतका जाड झाला की ते जागचे हलेना.

शस्त्रक्रियेशिवाय जे करता येते ते सगळे केले. पुढे रुंद असलेले बूट घेतले, बोटांमध्ये ठेवायच्या सिलिकॉनच्या गाद्या वापरल्या, कडक तळाचे बूट वापरून पाहिले. कडक तळाच्या बुटांनी खरोखर आराम पडला, आणि त्याचे कारण पुढे समजले: तळ वाकत नाही, म्हणून सांधाही वाकत नाही, म्हणून दुखत नाही. रात्री बांधून झोपायचे आणि अंगठा सरळ करण्याचा दावा करणारे पट्टे बाजारात ढिगाने मिळतात. त्यांनी बांधलेल्या वेळेपुरता ताण बसतो, पण मोठ्या माणसाचे सरकलेले हाड त्याने परत जागेवर येत नाही. हे मला एकाहून अधिक डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. सांध्यात स्टिरॉइडचे इंजेक्शनही एकदा घेतले. त्याने काही आठवडे चांगले गेले आणि दुखणे परत आले. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढणे हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ होता. तो आधी रविवारपुरता उरला आणि मग थांबला. आषाढी वारीच्या काळात माउलींची पालखी भवानी पेठेतील पालखी विठोबाच्या देवळात मुक्कामाला असते तेव्हा दर्शनाच्या रांगेत उभे राहणे ज्या वर्षी जमले नाही, त्या वर्षी मी पायाच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनांची वेळ घेतली.

पहिल्याच भेटीत त्यांनी माझ्याकडचे एक्स-रे बाजूला ठेवले आणि नवे काढायला सांगितले, कारण जुने निजवून काढलेले होते. पायावर भार असताना हाडे जितकी पसरतात तितकी निजल्यावर पसरत नाहीत, त्यामुळे विकृती आहे त्याहून कमी दिसते. या दुखण्यासाठी एक्स-रे उभे राहूनच काढावा लागतो. नव्या एक्स-रेवर त्यांनी रेघा ओढून कोन मोजून दाखवले. अंगठा आणि मागचे लांब हाड यांच्यामधला कोन साधारणपणे १५ अंशांच्या आत असतो. ४० च्या पुढे गेला की ती तीव्र विकृती समजतात, आणि माझा त्याच्याही पुढे होता. पहिल्या आणि दुसऱ्या लांब हाडांमधला कोन ९ अंशांपर्यंत असावा लागतो. तोही बराच वाढला होता. आयुष्यभर मुलांना कोन मोजायला शिकवलेल्या मला त्या रेघा समजायला वेळ लागला नाही. पण खरी गोष्ट कोनात नव्हती. निरोगी सांध्यात दोन हाडांच्या मध्ये एक मोकळी, काळी फट दिसते. ती फट म्हणजे कूर्चा, जी एक्स-रेवर उमटत नाही. माझ्या डाव्या पायात ती फट होती. उजव्या पायात हाडाला हाड टेकले होते आणि कडेने हाडाच्या चोची वाढल्या होत्या. याच सांध्यात युरिक ॲसिडमुळे होणारी सूजही येते आणि आमवातातही तो बिघडतो, म्हणून रक्ताच्या त्या तपासण्या आधी करून घेतल्या. दोन्ही नव्हते, साधी झीजच होती.

मग पर्यायांची चर्चा झाली. इतक्या शांतपणे आणि इतका वेळ देऊन ती करणारे डॉक्टर भेटले हे मी माझे भाग्य समजते. सांधा चांगला असेल तर लांब हाड कापून, सरकवून स्क्रूने बसवतात आणि अंगठा सरळ होतो. सांधा आपला आपण हलत राहतो. बहुतेकांना ठाऊक असते ती ही शस्त्रक्रिया. पण झिजलेला सांधा सरळ रेषेत आणून ठेवला तरी तो झिजलेलाच राहतो, म्हणजे पाय दिसायला सुरेख होतो आणि दुखणे तसेच राहते. दुसरा मार्ग सांध्याचा थोडा भाग काढून टाकण्याचा. केलर यांच्या नावाने ओळखली जाणारी ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची आहे आणि आजही अतिशय वृद्ध, कमी चालणाऱ्या रुग्णांसाठी वापरली जाते; तिच्यात अंगठा लुळा पडतो आणि भार पुन्हा दुसऱ्या बोटावर जातो, जे मला मुळीच परवडणारे नव्हते. कृत्रिम सांधा बसवण्याविषयी मी स्वतःहून विचारले, कारण गुडघा बदलतात तर अंगठा का नाही, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्यावर त्यांचे म्हणणे असे की अंगठा इतका वळलेला असताना भोवतालचे स्नायू आणि बंध असमान ताणलेले असतात, आणि त्या ओढीत कृत्रिम सांधा टिकत नाही. राहिला चौथा मार्ग: दोन्ही हाडांची झिजलेली टोके साफ करून, अंगठा योग्य कोनात धरून, प्लेट आणि स्क्रूने ती एकमेकांना पक्की बसवायची, म्हणजे कालांतराने दोहोंचे मिळून एकच हाड होते. सांधाच नाही, तर सांधेदुखीही नाही.

“पण अंगठा वाकणारच नाही, मग मी चालणार कशी?” असे मी विचारले. त्यांनी उत्तर देण्याऐवजी माझा पाय हातात घेतला आणि अंगठा वर-खाली करून दाखवला. तो जेमतेम नखाएवढा हलला आणि तेवढ्यातही मी ओरडले. “काकू, ही हालचाल तुमच्याकडे आता आहेच किती? जी आहे ती तुम्हाला दुखवायलाच आहे. तेवढीच मी काढून घेणार आहे.” हे वाक्य माझ्या मनात पक्के बसले. सांधा जोडण्याला घाबरणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला आधी हाच प्रश्न विचारावा असे मला वाटते, कारण आपण ज्या हालचालीच्या जाण्याने हळहळतो, ती बहुधा केव्हाच गेलेली असते. अंगठ्याचा पुढचा, नखाजवळचा सांधा हलता राहतो, घोटा हलता राहतो, आणि पुढे किंचित वर वळलेल्या तळाचे बूट घातले की पाऊल सहज पुढे जाते. शंभरातील नव्वदहून अधिक जणांची हाडे नीट जुळतात. न जुळल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागू शकते. तंबाखू आणि सिगारेट यांनी हाड जुळायला अडथळा येतो, हे त्यांनी यजमानांच्या देखत दोनदा सांगितले, जरी सवय मला नव्हती.

कोनाविषयी मात्र त्यांनी मलाच प्रश्न विचारले. घरात अनवाणी असता की चप्पल घालता, टाचेचे काही वापरता का, जमिनीवर बसता का, देवापुढे वाकता का, संडास कोणत्या पद्धतीचा आहे. सांधा एकदा जुळला की कोन बदलता येत नाही. अंगठा फार वर उचलून बसवला तर त्याचे टोक बुटाच्या वरच्या बाजूला घासते आणि सपाट जमिनीवर तो अधांतरी राहतो. फार खाली बसवला तर प्रत्येक पावलाला नखाजवळच्या सांध्यावर जोर येऊन तो पुढे झिजतो. मी सपाट चपला वापरते आणि घरात अनवाणी वावरते, हे ऐकून त्यांनी तशी नोंद केली. प्रत्यक्ष शस्त्रक्रियेत तळपायाला एक सपाट पत्रा लावून, जमिनीवर उभे राहिल्यावर अंगठ्याचे पेर कुठे टेकेल हे पाहूनच स्क्रू घट्ट करतात. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. अंगठा सरळ होऊन पक्का झाला की त्याला करंगळीकडे ओढणारे स्नायूच आता मागच्या लांब हाडाला शेजारच्या दुसऱ्या लांब हाडाकडे खेचतात, त्यामुळे दोन लांब हाडांमधला वाढलेला कोनही बराचसा आपोआप कमी होतो आणि त्यासाठी बहुतेक वेळा वेगळे हाड कापावे लागत नाही. गणिताच्या माणसाला अशी उकल आवडल्यावाचून राहत नाही.

तयारीचे दिवस धावपळीचे गेले. साखर ताब्यात होती. ड जीवनसत्त्व मात्र फार कमी निघाले, आणि हाड जुळायचे असल्याने आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी सुरू झाली. विमा कंपनीने आधी अडवले. ‘ही शस्त्रक्रिया सौंदर्यासाठी आहे काय’ अशी लेखी विचारणा आली, तेव्हा मला खरोखर राग आला. सर्जनांनी झिजलेल्या सांध्याचा एक्स-रे आणि आजवरच्या उपचारांची हकीकत जोडून पत्र दिले, त्यावर मंजुरी मिळाली. ज्यांना विम्यातून करायचे आहे त्यांनी वेदनेचा आणि उपचारांचा प्रत्येक कागद जपून ठेवावा. आणि शस्त्रक्रियेनंतर प्लेट व स्क्रूच्या पाकिटांवरची चिकटपत्रे बिलाला लावली आहेत ना, ते घरी जाण्यापूर्वीच पाहावे, कारण पुढे त्यावरूनच अडते.

शस्त्रक्रियेआधी अंगावरचा सगळा धातू काढावा लागतो. उजवे जोडवे निघेना. साबण लावून पाहिला, दोरा गुंडाळून पाहिला, आणि शेवटी आमच्या नेहमीच्या सोनारांना घरी बोलावले. त्यांनी बोट आणि जोडवे यांच्यामध्ये पातळ पत्र्याची पट्टी सरकवली, बारीक कानसीने चांदीचे वेढे घासले आणि चिमट्याने अलगद उघडले. खाली बोटाभोवती पांढुरकी, खोल खाच होती, जणू ते बोट दोन तुकड्यांचे असावे. माझ्या मोठ्या जाऊबाई त्या वेळी घरी होत्या. त्यांनी काही न बोलता ते जोडवे उचलून देवघरात नेऊन ठेवले. त्यांना ते रुचले नव्हते, हे मला कळत होते, आणि त्यांनी ते बोलून दाखवले नाही यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

आमचे घर सहकारनगरात दुसऱ्या मजल्यावर आहे आणि इमारत जुनी असल्याने लिफ्ट नाही. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीने आधीच येऊन जिना पाहिला आणि चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, हे माझ्याकडून वॉकर आणि कठडा धरून घोटवून घेतले. न्हाणीघरात पाट काढून उंच स्टूल ठेवले, कमोडजवळ भिंतीला दांडी बसवून घेतली. ही तयारी शस्त्रक्रियेपूर्वीच करायची असते. नंतर सुचून उपयोग नाही.

शस्त्रक्रियेच्या दिवसाविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर केला आणि शिवाय गुडघ्यामागे, सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत, पावलाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंभोवती भुलीचे औषध सोडले. मांडीला रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा बांधला. मी जागी होते, पण पडद्यापलीकडचे काही दिसत नव्हते. करवतीचा आणि ड्रिलचा आवाज ऐकू येत होता आणि पाय माझा नसल्यासारखा वाटत होता. अंगठ्यातील टोके गोलाकार घासून एक खोलगट आणि एक फुगीर अशी केली, म्हणजे हव्या त्या कोनात ती एकमेकांत नीट बसतात. मग एक तिरका स्क्रू आणि वरून टायटॅनियमची प्लेट. दुसऱ्या बोटाचा वाकलेला सांधाही सरळ केला आणि त्यात टोकापासून आत जाणारी तार घातली.

खरी कसोटी लागली ती रात्री. गुडघ्यामागची भूल बराच वेळ टिकते, त्यामुळे संध्याकाळी मला काहीच दुखत नव्हते आणि भेटायला आलेल्यांशी मी हसून बोलत होते. ड्यूटीवरच्या सिस्टरने गोळी आणली तेव्हा दुखत नाही तर कशाला, असे मी म्हटले. त्या म्हणाल्या, “भूल उतरायच्या आत औषध रक्तात पोचायला हवे, काकू. दुखायला लागल्यावर घेतली तर ती दुखण्याच्या मागे धावत राहते.” मी गोळी घेतली. पहाटे भूल उतरली तेव्हा त्या गोळीचे मोल समजले. आधी अंगठ्यात मुंग्या आल्या, मग ठोके पडू लागले, मग सबंध पाऊल आतून फुगल्यासारखे झाले. पाय उशीवरून खाली सरकला होता. तो छातीपेक्षा उंच ठेवल्याबरोबर ठोके कमी झाले. पुढच्या कित्येक दिवसांचे सगळे शहाणपण त्या एका कृतीत होते.

पहिले दोन आठवडे पाय उंच ठेवणे हेच माझे काम होते. तासातली जेमतेम पाच-दहा मिनिटे पाय खाली, बाकी वेळ उशांवर. पाय खाली सोडला की काही क्षणांत बोटे जांभळी पडायची आणि बँडेज काचू लागायचे. वर घेतला की रंग परत यायचा. जखमेची सूज जितकी कमी तितके टाके चांगले भरतात आणि जंतुसंसर्गाची भीती कमी, हे सर्जनांनी बजावले होते. चालायला मात्र दुसऱ्याच दिवसापासून परवानगी होती, ती एका विशेष बुटावर, ज्याचा तळ कडक असतो आणि भार टाचेवर येतो, चवड्याला टेकू मिळत नाही. त्या बुटाने उजवी बाजू उंच होते, म्हणून डाव्या पायात घरातही जाड तळाची चप्पल घालायला सांगितले. ते केले नाही तर कंबर धरते. रक्ताची गाठ होऊ नये म्हणून अंथरुणात पडल्या पडल्या घोटा आणि पोटऱ्या हलवत राहायच्या, पाणी भरपूर प्यायचे. स्वयंपाकघर सुनेने आणि यजमानांनी सांभाळले. यजमानांना आमटीला फोडणी देता येते, हे मला एवढ्या वर्षांत ठाऊक नव्हते.

दुसऱ्या बोटाच्या टोकातून तारेचा तुकडा बाहेर आलेला असे आणि त्यावर छोटा गोळा बसवलेला असे, कपड्यात अडकू नये म्हणून. घरी येणाऱ्या प्रत्येकाची नजर तिथेच जायची. मला स्वतःला त्याची जखमेपेक्षा जास्त धास्ती होती. पांघरूण त्याला लागू नये म्हणून पायाशी पुठ्ठ्याचे खोके आडवे ठेवत असे. टाके निघाल्यानंतर काही आठवड्यांनी ती तार ओपीडीतच पकडीने काढली, भूल न देता. मी डोळे मिटून घेतले आणि ‘झाले’ असे ऐकू आले. दुखले असे म्हणताच येणार नाही, एक थंड सरसर जाणवली इतकेच.

सहा आठवडे झाल्यावरचा एक्स-रे हा या सगळ्यातला निर्णायक टप्पा. फटीच्या जागी धुरकट रेघ राहिली होती आणि तिच्यावरून हाडाचे बारीक धागे इकडून तिकडे गेलेले दिसत होते. हाड जुळायला लागले होते. डॉक्टरांनी टाचेचा बूट सोडायला सांगितला. संक्रांतीला मी रुंद, बंदाच्या, कडक तळाच्या बुटांत जिना उतरून खाली गेले आणि सोसायटीतल्या बायकांना तिळगूळ दिला. स्कूटर त्यानंतरही बरेच दिवस चालवली नाही. ब्रेक हाताने लागत असला तरी सिग्नलला तोल सावरायला पाय खाली टेकावाच लागतो, आणि पुण्यात कोण कुठून आडवे येईल याचा नेम नाही.

यानंतरचे काम चालायला नव्याने शिकण्याचे होते, आणि त्याकडे लोक सर्वांत कमी लक्ष देतात असे मला वाटते. सांधा दुरुस्त झाला तरी बाहेरच्या कडेवर भार घ्यायची माझी सवय तशीच होती. फिजिओथेरपीच्या मुलीने मला आरशासमोर चालवले आणि टाच, मग चवडा, मग अंगठा असा भार पुढे न्यायला लावले. “काकू, अंगठ्यावर विश्वास ठेवा,” असे ती म्हणायची. तो दुखणार नाही हे मला माहीत होते, पण पायाला माहीत व्हायला वेळ लागला. जखमेच्या वणाला तेल लावून रोज हलके चोळायचे, नखाजवळचा सांधा वाकवायचा, पोटरी ताणायची. संध्याकाळी पाय सुजायचा. ही सूज सहा महिने, कधी वर्षभरही राहते, त्याने घाबरून जाण्याचे कारण नाही. अंगठ्याच्या आतल्या कडेला एक पट्टा अजून बधिर आहे, त्या भागात त्वचेची बारीक नस चिरेच्या जवळून जाते.

आज काय जमते आणि काय नाही, ते सांगणे माझे कर्तव्य आहे. सपाट रस्त्यावर, तळजाईच्या वाटेवर मी हवे तितके चालते आणि आत कळ येत नाही. चवड्याखालचा घट्टा पातळ होत होत जवळपास गेला, कारण अंगठा आपला भार पुन्हा उचलू लागला. पर्वती चढते, उतरताना पाऊल किंचित तिरके ठेवते. चवड्यावर उभे राहून वरच्या फळीवरचा डबा काढता येत नाही. जमिनीवरून उठताना पूर्वी दोन्ही पायांची बोटे मुडपून उठत असे. आता डावा पाय पुढे घेऊन, हाताचा टेकू घेऊन उठते. मांडी घालून बसता येते, बोटे मुडपून टाचांवर बसता येत नाही. इंचभराहून उंच टाच चालणार नाही, पण ती मला कधीच नको होती. अंगठ्याच्या वेढ्याची कोल्हापुरी चप्पल मात्र सोडावी लागली, कारण न वाकणारा अंगठा त्या वेढ्यात सरकवताना झगडावे लागते. पुढून रुंद पट्ट्याची चप्पल मी लक्ष्मी रस्त्यावरून पाहून घेतली. जोडवे उजव्या पायात पुन्हा घातले नाही. जाऊबाईंनीच सुचवले आणि दोन्ही जोडवी मोडून नातीसाठी चांदीचे वाळे केले.

डाव्या पायाचा प्रश्न उरला आहे. तो अंगठाही झुकलेला आहे, पण त्या सांध्यात फट शाबूत आहे. त्या पायासाठी सांधा जोडायची गरज नाही. पुढेमागे करायचेच झाले तर लांब हाड कापून सरकवण्याची, सांधा राखणारी शस्त्रक्रिया होऊ शकेल. केवळ दिसण्यासाठी ती करू नये आणि दुखत नसेल तर मुळीच करू नये, असे सर्जनांचे स्पष्ट मत आहे आणि मला ते पटते. त्यामुळे डाव्या पायाचा एक्स-रे दर वर्षी उभे राहूनच काढायचा, बूट रुंदच वापरायचे, आणि अनवाणी चालताना आत दुखू लागले तर न थांबता दाखवायला जायचे, असे आमचे ठरले आहे.